वाचकांचे प्रश्न: चालू व्हिडिओ प्रॉडक्शन हाऊस विकत घेताना

प्रश्न: ताई नमस्कार, मी १२ वर्षं एडिटर आहे, त्यातली शेवटची ५ वर्षं एकाच प्रॉडक्शन हाऊसचं काम फ्रीलान्स करतोय. कंपन्यांच्या फिल्म्स, जाहिराती, ट्रेनिंगचे व्हिडिओ, अधूनमधून एखादी डॉक्युमेंटरी असं काम असतं. मालक १८ वर्षं धंदा करतायत, आता त्यांना थांबायचंय, आणि ते म्हणाले तूच घे ना. यादी दिलीय त्यांनी: ३ कॅमेरे, लेन्सचा सेट, लाइट्स, साउंडचं सामान, २ एडिट मशीन्स, ६० क्लायंटची नावं आणि मागच्या ३ वर्षांचे नफ्याचे आकडे. किंमत म्हणून वर्षाच्या नफ्याच्या तिप्पट मागतायत. बायको म्हणते एवढ्या पैशात नवीन गिअर घे आणि स्वतःचंच सुरू कर. मला वाटतं चालू धंदा मिळतोय तर शून्यातून कशाला. सुरुवात कुठून करू?

उत्तर: दादा, सुरुवात यादीपासून करू नका, फोनपासून करा. क्लायंटला नवीन काम द्यायचं असलं की तो नेमका कोणाला फोन करतो हे आधी शोधा, कारण तुम्ही विकत घेताय ते तेवढंच आहे, बाकी सगळं बाजारात सुटं मिळतं. जर सगळेच्या सगळे फोन मालकांच्या पर्सनल मोबाइलवर येत असतील आणि क्लायंट म्हणत असेल की "तुम्ही स्वतः या हं शूटला", तर ते गेले की धंदा पण त्यांच्यासोबत घरी जाणार, मग नाव तेच राहू दे नाहीतर बोर्ड तोच राहू दे. पण जर कॉल कंपनीच्या नंबरवर येत असतील, कोटेशन ऑफिसमधला दुसरा कोणी पाठवत असेल, मालक नसताना महिन्यातली ४-५ शूट्स व्यवस्थित पार पडत असतील, तर हे विकत घेण्यासारखं काहीतरी आहे.

मी हे अनुभवावरून सांगतेय. आम्ही दोघींनी असंच एक चालू प्रॉडक्शन हाऊस घेतलं होतं. क्लायंटची यादी लांबलचक होती पण अर्ध्याहून जास्त काम एकाच कंपनीकडून यायचं, आणि त्या कंपनीत मार्केटिंग बघणारा माणूस आधीच्या मालकाचा जुना मित्र होता. ८ महिन्यांत तो माणूस नोकरी सोडून गेला, नवीन आलेल्यांनी स्वतःच्या ओळखीची टीम आणली, आणि आमच्या कॅलेंडरवर दोन महिने नुसती पांढरी पानं. आम्ही ३ वर्षांचा एकूण नफा बघितला होता, पण क्लायंटवार इनव्हॉइस मागितलेच नव्हते. तुम्ही ते नक्की मागा. ६० नावांपैकी मागच्या १८ महिन्यांत ज्यांनी खरंच पैसे दिले ती नावं किती, त्यातली परत परत येणारी किती, आणि सगळ्यात मोठ्या क्लायंटचा वाटा किती. एकच क्लायंट ३०-४० टक्क्यांच्या वर असेल तर माझ्या मते तिप्पट किंमत विसरा.

आता तो नफा. या धंद्यात कागदावरचा नफा बऱ्याचदा मालकाच्या अंगमेहनतीचा असतो, हे बाहेरच्याला पटकन दिसत नाही. समजा वर्षाचा नफा १०० दिसतोय. मालक स्वतः ९० दिवस कॅमेऱ्यामागे उभे राहतात, डिरेक्शन पण तेच करतात, आणि त्याचा पगार कुठेच लावलेला नाही. तुम्ही एडिटर आहात, म्हणजे तुम्हाला बाहेरून डीओपी (मुख्य कॅमेरामन) आणि डिरेक्टर आणावा लागणार, तिथे समजा ४५ गेले. तुम्ही स्वतः दिवसभर ऑफिस सांभाळणार त्याचा पगार ३० धरा, फुकट राबायला तर धंदा घेत नाही ना आपण. आणि कॅमेरे-मशीन्स दर काही वर्षांनी बदलावी लागतात म्हणून वर्षाला १५ बाजूला टाका. उरले १०. ते मागतायत ३००, म्हणजे तुमच्या हिशोबाने तिप्पट नाही तर तीस पट झाली. आकडे मी उदाहरणाला घेतलेत, पण ही वजाबाकी तुमच्या खऱ्या आकड्यांवर करा आणि मगच पटीबद्दल बोला. उलटंही होऊ शकतं, म्हणजे मालकांनी घरचा खर्च धंद्यात टाकलेला असेल तर खरा नफा जास्त निघेल, तोही प्रामाणिकपणे मोजा.

गिअरबद्दल मी फार बोलणार नाही कारण लोक त्याच्यावरच सगळा वेळ घालवतात. कॅमेरा बॉडीची किंमत भराभर उतरते. २००८ साली कॅनन ५डी मार्क २ आला आणि तोवर मोठ्या महागड्या कॅमेऱ्यांना जमायचं तसं दिसणारं चित्र हजारो लोकांच्या हातात आलं, तेव्हापासून हे चक्र थांबलेलंच नाही. लेन्स मात्र टिकतात, १९८७ मध्ये आलेल्या कॅननच्या ईएफ माउंटच्या (माउंट म्हणजे लेन्स बसवायची जागा) लेन्स आजही ॲडॉप्टर लावून आरएफ माउंटच्या नव्या बॉडीवर चालतात. म्हणून लेन्स, ट्रायपॉड, लाइट्स, चांगले माइक यांना किंमत द्या, आणि बॉडीला आज सेकंडहँड जे मिळेल तेवढीच. कोणतं सामान हप्त्यांवर आहे, कोणतं भाड्याने आणून कायमचं ठेवलंय, हे सिरीअल नंबर घेऊन बिलाशी ताडून बघा. सॉफ्टवेअरचंही तेच, ॲडोबीने २०१३ पासून विकतचं सोडून सबस्क्रिप्शनवर नेलं, त्यामुळे यादीत "एडिटिंग सॉफ्टवेअरसहित" लिहिलेलं असेल तर ते कोणाच्या अकाउंटवर आहे आणि तुमच्या नावावर होणार का, एवढं विचारा.

एक गोष्ट मात्र जरूर करा, तिला अर्धा दिवस लागतो. जुन्या इनव्हॉइसमधून डोळे मिटून १० कामं निवडा, २ अगदी जुनी, ३ मधली, ५ मागच्या वर्षातली. आणि मालकांसमोर बसून म्हणा, या प्रत्येकाचा मास्टर (फायनल तयार फिल्म), प्रोजेक्ट फाइल, रॉ फुटेज, क्लायंटशी झालेला करार, म्युझिकचं लायसन्स आणि त्यात दिसणाऱ्या लोकांचे सही केलेले रिलीज (होकाराचे कागद) काढून दाखवा. किती मिनिटांत निघतं, किती निघतच नाही, हे लिहून ठेवा. धंदा कसा चालवलाय ते या अर्ध्या दिवसात जेवढं कळतं तेवढं ताळेबंदातून कळत नाही. आम्हाला १४० हार्ड डिस्क मिळाल्या होत्या एका कपाटात, अर्ध्यांवर लेबल नाही, आणि ९ तर चालूच झाल्या नाहीत. जुना क्लायंट फोन करून म्हणाला ४ वर्षांपूर्वीच्या फिल्ममधला फक्त लोगो बदलून द्या, दहा मिनिटांचं काम, आणि आमच्याकडे प्रोजेक्टच नव्हता. फार वाईट वाटलं होतं तेव्हा, अजूनही वाटतं.

तुम्ही एडिटर आहात म्हणून जास्त सांगायला नको, पण फाइल असणं आणि ती उघडणं वेगळं. २०११ ला फायनल कट प्रो टेन हे एडिटिंग सॉफ्टवेअर आलं तेव्हा ते आधीच्या फायनल कट ७ चे प्रोजेक्ट उघडतच नव्हतं, १८ वर्षं जुन्या हाऊसकडे असे प्रोजेक्ट असू शकतात. एलटीओ टेपवर (डेटा साठवायची मॅग्नेटिक टेप, पुढचा आकडा म्हणजे तिची पिढी) बॅकअप असेल तर ड्राइव्ह कोणता ते बघा, एलटीओ-९ चा ड्राइव्ह एलटीओ-८ वाचतो पण एलटीओ-७ नाही. आणि साठवणुकीचा खर्च धरा. प्रोरेस ४२२ एचक्यू हा एडिटिंगचा व्हिडिओ फॉरमॅट फुल एचडीला सेकंदाला २५ फ्रेम्सवर तासाला साधारण ८३ जीबी जागा खातो, तेच ४के यूएचडीला ३३० जीबीच्या आसपास, आणि प्रत्येक गोष्टीच्या किमान दोन कॉप्या ठेवायच्यात.

पैसे एकदम देऊ नका. मी असते तर अर्धे-साठ टक्के आधी आणि बाकीचे दीड-दोन वर्षांत, ते पण मोठे क्लायंट टिकले तर, असं लिहून घेतलं असतं. मालक जर या अटीला अजिबातच तयार नसतील तर त्यांना स्वतःलाच क्लायंट टिकण्याची खात्री नाही असं मी समजेन. ६ महिने तरी त्यांनी तुमच्यासोबत प्रत्येक मोठ्या क्लायंटकडे यायचं आणि स्वतःच्या तोंडाने सांगायचं की आता हे बघतील. मालकांनी काही वर्षं त्याच क्लायंटना स्वतः सर्व्हिस द्यायची नाही हेही करारात हवं. आणि ऑफिसचा फोन नंबर, डोमेन, ईमेल, व्हिडिओ चॅनल, क्लाउड स्टोरेज हे कोणाच्या नावावर आहे ते सह्यांच्या आधी बघा, बऱ्याचदा डोमेन कुठल्यातरी जुन्या इंटर्नच्या ईमेलवर निघतं.

अजून एक, क्लायंटकडून आलेले ॲडव्हान्स. बँकेत पैसे दिसतात पण त्या शूट्स अजून व्हायच्यात, म्हणजे ते तुम्हाला मिळालेले पैसे नाहीत, तुमच्यावरचं काम आहे. हस्तांतराच्या तारखेला कोणतं काम किती झालंय, किती पैसे आलेत, किती यायचेत याचा तक्ता दोघांनी सही करून ठेवा.

वहिनींच्या म्हणण्याबद्दल: त्या अर्ध्या बरोबर आहेत. वजाबाकीनंतर हातात १०च उरत असतील आणि फोन मालकांनाच येत असतील तर त्यांचंच ऐका. पण तुम्ही ५ वर्षं आतून बघताय, क्लायंट फीडबॅक देताना तुमच्याशी थेट बोलतात का? बोलत असतील तर निम्मा धंदा आधीच तुमच्याकडे आहे, आणि किंमत ठरवताना तो मुद्दा संकोच न करता मांडा.

प्रश्न: आम्ही तीन मित्र मिळून एक जुनं हाऊस घेतोय. विकणारे म्हणतात १५ वर्षांचं फुटेज सोबत देतो, ते स्टॉक म्हणून (इतरांना वापरायला तयार फुटेज) विकून तुमची अर्धी किंमत निघेल. हे खरं का?

उत्तर: बहुतेक नाही, आणि त्या आशेवर किंमत वाढवून देऊ नका. हार्ड डिस्क तुमची झाली म्हणजे आतलं फुटेज तुमचं झालं असं नसतं. क्लायंटसोबतच्या करारात सगळे हक्क क्लायंटला दिलेले असतील तर तिथेच विषय संपला. करार नसेल तर त्या देशाचा कायदा काय म्हणतो ते वकिलाकडूनच बघावं लागतं, कारण ते सगळीकडे सारखं नाही. शिवाय शूट फ्रीलान्स कॅमेरामनने केलं असेल आणि त्याच्याकडून हक्क लेखी घेतलेले नसतील तर बऱ्याच देशांत त्याचा हक्क त्याच्याकडेच राहतो, पैसे दिले होते एवढं पुरत नाही. कॉपीराइटला नोंदणी लागत नाही, बर्न करारात (कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार) असलेल्या देशांत तो काम तयार होताच लागू होतो, त्यामुळे "कुठे नोंद आहे त्याची?" हे उत्तर चालत नाही.

मग फुटेजमधली माणसं. फॅक्टरीतल्या कामगाराने कंपनीच्या फिल्मसाठी होकार दिला होता, तुम्ही तो चेहरा एखाद्या औषधाच्या जाहिरातीला विकलात तर तो माणूस उद्या विचारेल, आणि बरोबरच विचारेल. ओळखू येणारे चेहरे, लोगो, खाजगी जागा काढून टाकल्या की विकण्याजोगं फार थोडं उरतं, डोंगर, रस्ते, पाऊस वगैरे.

म्युझिक तर अजून नाजूक. गाण्याची रचना आणि त्याचं रेकॉर्डिंग हे दोन वेगळे हक्क, दोन्हीची परवानगी लागते, आणि लायब्ररीतून घेतलेली लायसन्स बरेचदा ज्याने घेतली त्यालाच लागू असतात, नवीन मालकाला आपोआप मिळत नाहीत. हाऊसच्या चॅनलवर जुन्या फिल्म्स असतील तर तिथे आलेले कॉपीराइट क्लेम बघा, बरंच काही तिथे दिसतं. आणि शोरीलमध्ये (आपल्या कामाच्या नमुन्यांचा छोटा व्हिडिओ) ही कामं वापरायची परवानगी तुम्हाला मिळते का ते स्पष्ट लिहून घ्या, कारण खरं सांगायचं तर त्या आर्काइव्हची तुमच्यासाठी सगळ्यात मोठी किंमत तीच आहे, नवीन क्लायंटला दाखवायला काहीतरी असणं.

प्रश्न: कंपनीच विकत घ्यायची की नुसतं नाव, सामान आणि क्लायंट घ्यायचे?

उत्तर: कंपनी घेतली की करार, लायसन्स, बँक खातं सगळं बऱ्यापैकी जसंच्या तसं चालू राहतं, पण जुनी देणी, थकलेला कर, ५ वर्षांपूर्वीच्या फिल्मवरून कोणी केलेली तक्रार, हेही सोबत येतं. नुसती मालमत्ता घेतली तर मागचं ओझं सहसा येत नाही, पण मग प्रत्येक क्लायंटशी करार नव्याने करावा लागतो, आणि नवीन कागद समोर आला की क्लायंट रेटवर पण परत बोलतो. लहान हाऊस असेल, लेखी करार मुळातच थोडे असतील, तर मी मालमत्ता घेण्याकडे झुकेन. मोठ्या कंपन्यांकडे व्हेंडर म्हणून नोंद व्हायला महिनोन्‌महिने लागतात, तशी नोंद जुन्या कंपनीकडे असेल तर मात्र कंपनी घेण्याला अर्थ आहे, फक्त मग किमतीतला काही भाग वर्षभर तिसऱ्या कोणाकडे अडकवून ठेवा म्हणजे जुनं काही निघालं तर त्यातून भागवता येईल. ऑफिसच्या भाडेकराराचं दोन्हीकडे घरमालकाला आधी विचारा, कधीकधी मालक बदलला की त्याची परवानगी लागते.