मसाईंचा एन्काई आणि त्याचा पर्वत

प्रश्न : पूर्व आफ्रिकेतील पशुपालक मसाई लोक ज्वालामुखीचीच पूजा करतात, हे खरे आहे का?

उत्तर : नाही. उत्तर टांझानियात, नेट्रॉन सरोवराच्या दक्षिणेस उभा असलेला, सुमारे २,९६० मीटर उंचीचा ओल डोइन्यो लेंगाई हा जागृत ज्वालामुखी मसाईंच्या श्रद्धेनुसार स्वतः देव नसून, एन्काई या एकाच ईश्वराचे निवासस्थान आहे. हा एन्काई पाऊस आणि गवत देतो तेव्हा काळा, तर कोपतो तेव्हा लाल मानला जातो; गुरांवर जगणाऱ्या समाजाला काळ्या मेघांतच कृपा दिसावी, हे मला अगदी स्वाभाविक वाटते. दुष्काळ पडल्यास किंवा अपत्यप्राप्तीसाठी लोक या पर्वताकडे जाऊन प्रार्थना करतात. विधींचे मार्गदर्शन, तसेच भविष्यकथन, लाइबोन, म्हणजे मसाईंचे धर्मगुरू, करतात. आज अनेक मसाई ख्रिस्ती आहेत.