खात्यातून पैसे कापले गेले: वाचकांचे प्रश्न

या वेळी पत्रं खूप आली आणि निम्म्याहून जास्त एकाच विषयावरची, बँकेने कापलेले चार्जेस. मी स्वतः २३ वर्षं बँकेच्या काउंटरमागे काढली त्यामुळे दोन्ही बाजू बघितल्यात. पण या पत्रांत एक वाक्य सारखं येतंय, "चूक माझीच असणार", आणि ते वाचून मला मनापासून वाईट वाटतं. चूक कधी कधी आपली असतेही, पण म्हणून कापलेली प्रत्येक रक्कम बरोबरच आहे असं होत नाही, आणि विचारायला लाजायचं तर अजिबात कारण नाही.

प्रश्न: काका, जुनी नोकरी सोडून दीड वर्ष झालं. त्या कंपनीचं सॅलरी अकाउंट तसंच पडून होतं, त्यात ९०० रुपये होते. परवा अ‍ॅप उघडलं तर बॅलन्स शून्य आणि वर ड्यू चार्जेस म्हणून २,३०० रुपये दिसतायत. मला एकही मेसेज आला नाही, अर्थात माझा तो नंबर बंद झालाय. ब्रँचमध्ये जायची लाज वाटते. खातं असंच सोडून दिलं तर?

ताई, सोडून देऊ नका. तुम्ही गप्प बसलात तर ते २,३०० तिथेच राहणार आणि उद्या चुकून कुणी त्या खात्यात पैसे टाकले, एखादा रिफंड आला, की आधी बँकेचे चार्जेस वळते होणार.

काय झालं असेल ते सांगतो. सॅलरी अकाउंटला मिनिमम बॅलन्सची अट नसते, पण साधारण तीन महिने पगार जमा झाला नाही की बँक त्याचं साधं सेव्हिंग खातं करून टाकते आणि अट चालू होते. हे नोकरी सोडताना ना एचआर सांगतं ना बँक, आणि माणूस नव्या नोकरीच्या गडबडीत असतो, त्याच्या डोक्यातही येत नाही.

आता नियम. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१४ मध्ये परिपत्रक काढलं, ते १ एप्रिल २०१५ पासून लागू झालं. त्यात तुमच्या कामाच्या तीन गोष्टी आहेत. एक, बॅलन्स कमी झाला की बँकेने एसएमएस, ईमेल किंवा पत्राने आधी कळवायचं आणि किमान एक महिना मुदत द्यायची, त्यानंतरच दंड. दोन, दंड सरसकट नाही, जितकी रक्कम कमी पडली त्याच्या प्रमाणात. म्हणजे समजा सरासरी १०,००० हवी होती आणि तुमची ७,००० भरली, तर दंड ३,००० वर मोजायचा. बँकेचा दर ६ टक्के धरला तर १८० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण २१२ रुपये ४० पैसे. आणि तीन, निव्वळ या दंडामुळे सेव्हिंग खातं मायनसमध्ये जाता कामा नये. तुमच्या अ‍ॅपवर जे दिसतंय ते बहुतेक मायनस बॅलन्स म्हणून नाही तर येणं म्हणून लावून ठेवलंय, बँका तसं करतात, पण मुद्दा हाच आहे की तुमचं खातं शून्याखाली ढकलायचा त्यांना अधिकार नाही आणि तुम्ही हे थेट विचारू शकता.

तर ब्रँचमध्ये जा आणि बोलण्याआधी अर्ज द्या. त्यात लिहा की मला कमी बॅलन्सची सूचना कोणत्या तारखेला, कोणत्या नंबरवर किंवा पत्त्यावर पाठवली ते सांगा, दर महिन्याचा हिशोब द्या, नियमात न बसणारा चार्ज परत करा आणि खातं बंद करा. अर्जाच्या झेरॉक्सवर शिक्का आणि तारीख घ्या, हे विसरू नका. तुमचा नंबर बंद होता तेव्हा बँक म्हणेल आम्ही मेसेज पाठवला होता, आणि त्यात त्यांची बाजू थोडी खरी आहे, नंबर बदलला की कळवायचं काम आपलं. पण मी काउंटरवर असताना असे कितीतरी अर्ज पाहिलेत ज्यात मॅनेजरने अख्खा चार्ज रिव्हर्स केला, कारण तेवढे अधिकार त्याच्याकडे असतात आणि समोर लेखी कागद असतो. जे तोंडी बोलून परत गेले त्यांचं मात्र बहुतेक वेळा काहीच झालं नाही.

अजून एक. दोन वर्षं तुम्ही स्वतः काहीच व्यवहार केला नाही की खातं इनऑपरेटिव्ह, म्हणजे निष्क्रिय होतं आणि अशा खात्यावर मिनिमम बॅलन्सचा दंड लावायला बंदी आहे. म्हणून ज्यांची जुनी खाती याहून जास्त पडून आहेत त्यांनी स्टेटमेंट काढून दंड कोणत्या तारखेचे आहेत ते जरूर बघा.

प्रश्न: महिनाभर १०,००० ठेवायचे म्हणजे ते पैसे अडकूनच राहिले ना?

नाही. बहुतेक ठिकाणी अट सरासरीची असते, म्हणजे रोजच्या शेवटच्या बॅलन्सची बेरीज भागिले महिन्याचे दिवस. ३० दिवसांच्या महिन्यात दहा दिवस ३०,००० राहिले आणि बाकी वीस दिवस शून्य, तरी सरासरी १०,००० भरते. तुमच्या बँकेची अट महिन्याची आहे की तिमाहीची एवढं फक्त विचारून घ्या.

प्रश्न: एटीएममधून पैसे आलेच नाहीत तरी २५ रुपये गेले. असं कसं?

खात्यात तेवढे पैसे नव्हते म्हणून व्यवहार नाकारला गेला असेल तर बऱ्याच बँका त्याचा चार्ज लावतात. पण मशीन बिघडलं, त्यात नोटाच नव्हत्या, किंवा पिन चुकला म्हणून व्यवहार झाला नाही तर तो व्यवहारच धरायचा नाही असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. कारण कोणतं होतं ते स्लिपवर असतं, स्लिप फेकू नका.

प्रश्न: पगार ७ तारखेला झाला, हप्ता ५ ला. फक्त ८०० रुपये कमी होते. बँकेने ५९० कापले, लोनवाल्यांनी त्यांचे वेगळे कापले, दोन दिवसांनी त्यांनी परत हप्ता टाकला आणि पुन्हा ५९०. आठशे रुपयांसाठी हजारावर गेले. मी घरी सांगितलंसुद्धा नाही.

घरी सांगा, आधी ते करा. हे कुणाच्याही बाबतीत होतं.

ईसीएस किंवा नॅच, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापून न्यायची सोय, पैसे नाहीत म्हणून परत गेला की दोन जण पैसे घेतात, तुमची बँक आणि कर्ज देणारी कंपनी. तुमच्या बँकेचे ५०० आणि जीएसटी मिळून ५९० झाले, आणि कंपनीने मँडेट (हप्ता कापायला तुम्ही दिलेली परवानगी) जितक्यांदा बँकेकडे टाकला तितक्यांदा ते लागतात. कितीही कमी पडोत, ८०० काय आणि ८ रुपये काय, चार्ज तोच. मला या सगळ्यात सगळ्यात जास्त खटकतं ते हेच, कारण ज्याच्याकडे आधीच पैसे कमी आहेत त्याच्याकडूनच हे जातं.

पगाराला उशीर होणार असं कळलं की हप्त्याच्या दोन-तीन दिवस आधी कर्जवाल्यांना फोन करा, मँडेट पुढे पाठवला का ते विचारा आणि पाठवला असेल तर स्वतःहून वेगळा हप्ता भरू नका, नाहीतर दोनदा जाईल. एकदा बाऊन्स झालाच तर मात्र लगेच फोन करून सांगा की परत टाकू नका, मी आज यूपीआयने भरतोय. तुमचे दुसऱ्या वेळचे ५९० इथे वाचले असते. आणि हप्त्याची तारीख बदलून मागा, पगारानंतर चार-पाच दिवसांची, बऱ्याच कंपन्या देतात. बाऊन्स हलक्यात मात्र घेऊ नका, पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टीम्स अ‍ॅक्ट २००७ च्या कलम २५ प्रमाणे चेक बाऊन्ससारखाच याचाही खटला होऊ शकतो.

आणि एक उपाय लोक विसरतात. तुमची छोटी एफडी असेल तर तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे खात्यात पैसे कमी असले तरी ठरलेल्या मर्यादेपर्यंत काढायची सोय, घेऊन ठेवा. ओव्हरड्राफ्ट म्हटलं की आपले लोक घाबरतात, पण आपल्याकडे त्यात जेवढे वापरले तेवढ्यावर, तेवढ्या दिवसांचंच व्याज लागतं. ५,००० रुपये तीन दिवस वापरले आणि दर ८ टक्के धरला तर व्याज होतं सव्वातीन रुपयांच्या आसपास. कुठे सव्वातीन आणि कुठे ५९०! जनधन खातं असेल तर त्यातही अटी बसल्यास १०,००० पर्यंत ओव्हरड्राफ्ट मिळतो.

प्रश्न: मुलगा अमेरिकेत शिकतोय. खात्यात पैसे कमी असताना कार्ड चाललं आणि एका दिवसात तीनदा ३५ डॉलर कापले. कार्ड नाकारलं का नाही?

तिथला प्रकार आपल्यापेक्षा वेगळा आहे. तिथे बरेचदा बँक कमी पडलेले पैसे स्वतः भरते आणि त्याबद्दल दर व्यवहाराला ठराविक फी घेते, मग कॉफी ४ डॉलरची का असेना. पण २०१० पासून तिथे नियम आहे की एटीएम आणि डेबिट कार्डच्या एकवेळच्या खरेदीवर ही फी लावायची तर ग्राहकाने आधी स्पष्ट होकार दिलेला पाहिजे. खातं उघडताना भराभर टिक करत गेलं की तो होकार दिला जातो आणि नंतर कुणाला आठवतही नाही. मुलाला सांगा, अ‍ॅपमधून किंवा फोन करून तो होकार काढून घे, मग पैसे नसतील तर कार्ड सरळ नाकारलं जाईल, फी नाही. चेक आणि खात्यातून आपोआप जाणाऱ्या बिलांना मात्र हा नियम लागत नाही, तिथे सावध राहायचं.

आणि त्याने फोन करून फी परत मागावी. पहिल्यांदा झालं असेल तर तिथल्या बँका बरेचदा परत देतात. तिथल्या लोकांनी यावर मोठी भांडणं केलीत. बँका दिवसभरातला सगळ्यात मोठा व्यवहार आधी लावायच्या म्हणजे खातं लवकर रिकामं व्हायचं आणि मागच्या प्रत्येक छोट्या व्यवहारावर फी, यावरून कोर्टात गेल्यावर २०११ मध्ये बँक ऑफ अमेरिकेने ४१ कोटी डॉलरची तडजोड केली. २०२२ मध्ये कॅपिटल वन आणि सिटीबँकेने ही फी बंदच केली, त्यामुळे बँक बदलायचा पर्याय आहे. सरकारी संस्थेने मोठ्या बँकांसाठी ५ डॉलरच्या मर्यादेचा नियम डिसेंबर २०२४ मध्ये आणला होता, तो २०२५ मध्ये तिथल्या संसदेने रद्द केला. याचं मला वाईट वाटलं.

प्रश्न: आपल्या ओरडण्याने बँकांना खरंच फरक पडतो का?

पडतो. स्टेट बँकेने एप्रिल २०१७ मध्ये मिनिमम बॅलन्सचा दंड परत आणला आणि नोव्हेंबरपर्यंतच १,७७१ कोटी जमा झाले. तो आकडा बाहेर आला, लोक भडकले, चार्जेस उतरत गेले आणि मार्च २०२० मध्ये दंड पूर्ण बंद झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये आयसीआयसीआयने शहरातल्या नव्या खात्यांची अट ५०,००० केली, लोकांनी इतका आरडाओरडा केला की काही दिवसांत ती १५,००० वर आली. त्याच वर्षी कॅनरा बँक, पीएनबी अशा सरकारी बँकांनी दंड काढून टाकला.

तुमच्या एकट्याच्या तक्रारीसाठी रस्ता असा, आधी बँकेला लेखी द्या, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, त्यांच्या सीएमएस या तक्रारींच्या वेबसाइटवर. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. १४४४८ वर फोन केला तर माहिती मिळते.

प्रश्न: आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या खात्यातून दर तिमाहीला पैसे जातात. त्यांना वाटतं बँकेत असंच असतं.

त्यांच्यासोबत एकदा बँकेत जा, अर्धा तास लागेल. त्यांचं खातं बेसिक सेव्हिंग खात्यात बदलून द्या असा अर्ज करा. त्यात मिनिमम बॅलन्स नाही, एटीएम कार्ड फुकट, महिन्यातून किमान चार वेळा पैसे काढणं फुकट. अट एवढीच की त्याच बँकेत त्यांचं दुसरं सेव्हिंग खातं नको. काउंटरवरून "असं खातं आमच्याकडे नसतं" म्हणाले तर मॅनेजरला भेटा, हे खातं देणं बँकांना बंधनकारक आहे. आणि पासबुक भरून आणा, मावशींना दाखवा कुठल्या तारखेला किती गेले ते, म्हणजे मागच्या दंडाचा अर्ज त्या स्वतःच्या सहीने देतील.