कर्कपेशींच्या गोळ्यांवर औषध टाकण्याआधी

गोळे करायला एमसीएफ-७ (स्तनाच्या कर्करोगाच्या) पेशी घेऊन सुरुवात करतोयस, तर पहिलं हे ध्यानात ठेव: त्यांच्यात कॅस्पेस-३, म्हणजे पेशीचं ठरवून होणारं मरण घडवणारं एक विकर, नसतंच. ब्लॉटवर (प्रथिनं ओळखायच्या पडद्यावर) त्याचा पट्टा दिसला नाही म्हणून ‘पेशी मरायला तयार नाहीत’ असं लिहून मोकळा होऊ नकोस, त्याचं भावंड कॅस्पेस-७ बघ.

९६ खणांच्या प्लेटमध्ये दीड टक्का अगारोज (पेशी चिकटू न देणारी जेली) गरम असतानाच ५० मायक्रोलिटर घाल. गार झालं की थर वाकडा बसतो, पेशी कडेच्या प्लास्टिकला चिकटतात आणि एकाऐवजी चार गोळे होतात. वर माध्यमात हजारेक पेशी सोड. तीन-चार दिवसांनी व्यास मोज. ५०० मायक्रोमीटरच्या पुढे गेला, तर ऑक्सिजन आतवर पोचत नाही, गाभा आपसूक मरतो आणि ते मरण तू औषधाच्या खात्यावर मांडतोस. म्हणून बिनऔषधी गोळे शेजारी हवेतच. औषधाचा तोच डोस सपाट वाढवलेल्या पेशींच्या थरालाही दे, नाहीतर गोळ्याचा औषधाला प्रतिकार कशाच्या तुलनेत म्हणायचा?

मेलेल्या पेशी मोजायला गोळा सुटा करताना ट्रिप्सिन (पेशी सोडवणारं विकर) फार वेळ ठेवू नकोस. पेशीपटल फाटलं की अ‍ॅनेक्सिन (मरणाऱ्या पेशींना चिकटणारं खूणेचं प्रथिन) आत शिरतं, धडधाकट पेशीही मेलेल्यांत मोजली जाते. त्यापेक्षा सौम्य अ‍ॅक्युटेज बरं. ईडीटीए (कॅल्शियम धरून ठेवणारं रसायन) वापरलंस तर नीट धू, अ‍ॅनेक्सिनला कॅल्शियम लागतं.

सांगलीच्या कोरड्या उन्हाळ्यात इन्क्युबेटरचं दार उघडलं की दमटपणा झटकन जातो. कडेचे खण आधी सुकतात, म्हणून त्यांत पेशी न घालता नुसतं बफर भर.