युरोप: ट्रेन कुठे, गाडी कुठे? तुमचे प्रश्न आणि माझी उत्तरं

प्रश्न (नाशिक): आम्ही चौघं, मुलं ९ आणि १३ वर्षांची. मे महिन्यात १३ दिवस पॅरिस, स्वित्झर्लंड, फ्लोरेन्स, रोम असं ठरतंय. सगळ्यांचा युरेल पास (युरोपातल्या अनेक देशांच्या ट्रेनना चालणारा एकच पास) काढून टाकू का?

नका काढू. पास वाईट नाहीये, पण तुमच्या रूटला तो बसत नाही. पास म्हणजे फक्त भाडं झालं, सीट नाही. फ्रान्सच्या टीजीव्ही आणि इटलीच्या फ्रेचारोसा या वेगवान गाड्यांत पास असला तरी रिझर्वेशनचे वेगळे पैसे भरावेच लागतात आणि तुमच्या लांबच्या गाड्या नेमक्या बहुतेक याच आहेत. जर्मनी-ऑस्ट्रियात रोज नवीन शहर करणार असाल तर युरेल घ्या, तिथे बऱ्याच गाड्यांत रिझर्वेशनची सक्ती नाही, सरळ चढायचं.

तुम्ही पॅरिस-झुरिक (साधारण चार तास), पुढे मिलान आणि मग फ्लोरेन्स-रोम अशी सुटी तिकिटं काढा, पण बुकिंग उघडल्या उघडल्या काढा, कारण विमानासारखंच आहे, उशीर केला की तेच तिकीट दुप्पट-तिप्पट होतं. स्वित्झर्लंडपुरता मात्र स्विस ट्रॅव्हल पास घ्याच. ट्रेन, बस, तलावातल्या बोटी सगळं त्यात येतं आणि आई-वडिलांकडे पास असेल तर १६ वर्षांखालच्या मुलांना फॅमिली कार्डवर फुकट, म्हणजे तुमच्या दोन्ही मुलांचं काम झालं. युंगफ्राउयोख या बर्फातल्या उंच स्टेशनला सगळे जातात, पण तिथे वरच्या टप्प्यावर पासला फक्त २५ टक्के सवलत आहे. रिगी हा डोंगर पूर्ण पासमध्ये येतो. ल्युसर्नहून बोटीने फिट्झनाऊ आणि तिथून १८७१ सालापासून चालणारी दातेरी रुळावरून डोंगर चढणारी रेल्वे, मुलं खिडकीतून हलणार नाहीत बघा.

प्रश्न (डोंबिवली): प्राग ४ रात्री, व्हिएन्ना ५, बुडापेस्ट ३. विमान प्रागला उतरतं, मग व्हिसा चेकचा ना?

नाही, ऑस्ट्रियाचा. तिन्ही देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो, आणि जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. दिवस समसमान असतील तरच पहिला प्रवेश कुठे ते बघतात. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा हवा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हा अपॉइंटमेंटसाठी शेवटच्या महिन्यापर्यंत थांबू नका. आणि तिकडे स्टेशनची नावं स्थानिक भाषेत असतात, बोर्डावर व्हिएन्ना शोधत बसलात तर सापडणार नाही, तिथे 'वीन' असतं आणि प्रागचं 'प्राहा'.

प्रश्न (पुणे): टस्कनीत चार दिवस गाडी घ्यायचीये. आपलं लायसन्स चालतं का? आणि दंड फार बसतात म्हणे?

गाडी घ्यायची तर टस्कनीतच घ्यावी, कारण पिएन्झा, व्होल्तेरा, सान जिमिन्यानो ही गावं ट्रेनने नीट होतच नाहीत. आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा, एक वर्ष चालतं, पण त्याच्यासोबत आपलं मूळ लायसन्सही खिशात हवं. क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्या नावाचं पाहिजे, डिपॉझिट त्यावर अडकवतात. ऑटोमॅटिक हवी असेल तर बुक करतानाच सांगा, नाहीतर गिअरवालीच मिळते, आणि उजव्या बाजूने चालवताना उजव्या हाताने गिअर टाकणं पहिल्या दिवशी जड जातं.

आता दंडाचं. जुन्या शहरांच्या मधल्या भागात झेडटीएल असतो, म्हणजे परवानगी नसलेल्या गाड्यांना बंदी. पांढरा गोल बोर्ड, लाल कडा आणि वर कॅमेरा. 'वार्को अत्तिवो' लिहिलेलं दिसलं की कॅमेरा चालू आहे, आत जायचं नाही. मी एकदा हॉटेल शोधताना मॅपवर विश्वास ठेवून एकाच संध्याकाळी दोनदा आत शिरलो आणि कित्येक महिन्यांनी घरी दोन वेगवेगळे दंड आले, वर गाडीच्या कंपनीने माझी माहिती पोलिसांना दिल्याची फी कार्डावरून कापली ती निराळी. म्हणून कळकळीने सांगतो, फ्लोरेन्स पायी बघून संपवा, मग एअरपोर्टवरून गाडी उचला आणि परत तिथेच सोडा. हॉटेल झेडटीएलच्या आत असेल तर जायच्या आधीच त्यांना विचारा, ते गाडीचा नंबर नोंदवून देऊ शकतात का. पार्किंगला पांढरी रेघ फुकट, निळी पैसे भरून, पिवळी आपल्यासाठी नाही. आणि पंपावर जपून, 'गझोलियो' म्हणजे डिझेल, पेट्रोलला 'बेन्झिना' म्हणतात.

प्रश्न (ठाणे): म्युनिकला गाडी घेऊन व्हेनिसला सोडली तर?

सोडता येते, पण दुसऱ्या देशात सोडायचा चार्ज एवढा असतो की कधीकधी भाड्यालाही मागे टाकतो. वाटेत ऑस्ट्रियाचा विनियेट, म्हणजे हायवेचे पैसे भरल्याचा स्टिकर, हवा आणि इटलीत टोल. ट्रेनने जा.

प्रश्न (कोल्हापूर): सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि बॅगा सहा आहेत. ट्रेनने जमेल का?

बॅगा कमी केल्या तर जमेल. हमाल मिळत नाहीत, मधल्या स्टेशनवर गाडी दोन-तीन मिनिटं थांबते आणि जुन्या डब्यांना पायऱ्या असतात. माणशी एक मध्यम बॅग, आणि हॉटेल स्टेशनपासून चालत जाता येईल असंच. व्हेनिसला तर प्रत्येक पुलाला पायऱ्या आहेत, म्हणून शेजारच्या मेस्त्रेला रहा, तिथून व्हेनिसचं सांता लुचिया स्टेशन ट्रेनने १०-१२ मिनिटांवर. स्टेशनच्या बाहेरच वापोरेत्तोचा, म्हणजे बोटीचा थांबा आहे. १ नंबरची बोट ग्रँड कॅनॉलमधून सान मार्कोपर्यंत जाते. बाहेरची सीट मिळाली तर सासूबाईंना तिथे बसवा, अर्धं व्हेनिस बसल्या जागी बघून होईल.