मोडेम कंपनीचा, राउटर आपला

प्रश्न : आमचे घर सत्तरी तालुक्यात, वाळपईपासून थोडे आत आहे. वाड्यावर इंटरनेटची वायर एकाच कंपनीची येते. घर जुने, भिंती रुंद चिऱ्यांच्या. त्यामुळे दर्शनी खोलीतल्या मोडेमचे वायफाय मागच्या खोलीत पोचत नाही. मुलगी घरूनच काम करते, म्हणून म्हापशाहून चांगला राउटर आणला. तर कंपनीचा माणूस म्हणाला, ‘‘आमचाच बॉक्स लागतो, दुसरा चालत नाही.’’ त्या बॉक्सपोटी दोन हजार रुपये घेतले आणि पावतीवर नुसते ‘इन्स्टॉलेशन’ लिहिले. स्वतःचा मोडेम लावण्याचा हक्क ग्राहकाला नाही काय?
— एक वाचक, सत्तरी

उत्तर : कंपनीच्या माणसाने सांगितले ते त्या बॉक्सपुरते खरे आहे, आपल्या राउटरला मात्र ते लागू होत नाही.

आपण ज्याला मोडेम म्हणता त्याला फायबरच्या जोडणीत ओएनटी म्हणतात. हिरव्या टोकाची बारीक वायर ज्यात शिरते आणि ती तुटली की ज्यावर लाल दिवा लुकलुकू लागतो, तोच हा बॉक्स. वाटेत स्प्लिटर (एका फायबरमधला प्रकाश अनेक फाट्यांत वाटणारा भाग) बसवून एकाच फायबरवर बहुधा 32 किंवा 64 घरे जोडलेली असतात. कंपनीकडून येणारा प्रकाश या सगळ्या घरांत सारखाच पोचतो आणि त्यातला आपला भाग ओएनटी निवडून घेते. उलट दिशेने माहिती पाठवताना मात्र प्रत्येक ओएनटीला आपली पाळी सांभाळावी लागते, कारण अवेळी प्रकाश सोडणारे एक बिघडलेले यंत्र शेजारच्या सगळ्या घरांचे इंटरनेट बंद पाडू शकते. म्हणून कंपनी प्रत्येक यंत्राचा क्रमांक नोंदवून ठेवते आणि नोंद नसलेल्या यंत्राला जोडून घेत नाही. हे कारण मला पटते. वायफायचा पासवर्डसुद्धा ग्राहकाला बदलू न देण्याचा जो प्रकार काही ठिकाणी चालतो, त्याला मात्र असे कोणतेही कारण नाही.

जर्मनीत 1 ऑगस्ट 2016 पासून ग्राहकाला स्वतःचे यंत्र निवडण्याचा कायदेशीर हक्क आहे, तर अमेरिकेत 2019 च्या एका कायद्याने, ग्राहक स्वतःचे यंत्र वापरत असेल तर कंपनीला यंत्राचे भाडे आकारण्यास मनाई केली. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. तरीही आपला राउटर वाया गेलेला नाही. ओएनटीच्या लॅन पोर्टमधून एक केबल काढून ती मागच्या खोलीतल्या राउटरला जोडावी आणि राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून, म्हणजे फक्त वायफाय पसरवण्यापुरता, चालवावा. त्यासाठी कंपनीकडे काही बदलून मागावे लागत नाही. ही केबल 100 मीटरपर्यंत नीट चालते. जुन्या कौलारू घरात मधल्या भिंती पुष्कळदा छपरापर्यंत गेलेल्या नसतात. तसे असेल तर चिऱ्याला भोक न पाडता वाशांच्या आधाराने ती पलीकडे नेता येईल. (पावसाळ्यात गडगडाट सुरू झाला की दोन्ही यंत्रांचे प्लग काढून ठेवावेत. फायबरमधून वीज येत नाही, पण सॉकेटमधून येते.)

कंपनीच्या बॉक्सचे राउटिंगच, म्हणजे घरातल्या यंत्रांना इंटरनेट वाटून देण्याचे काम, कमकुवत असेल, तर तो ‘ब्रिज मोड’वर टाकून (म्हणजे ते काम आपल्या राउटरकडे सोपवून) पीपीपीओईचे, म्हणजे कंपनीच्या जाळ्यात लॉगिन करण्याचे, युजरनेम व पासवर्ड द्यावे, अशी लेखी मागणी करावी. लँडलाइनचा फोन त्याच बॉक्सवर असेल, तर तो बंद पडणार नाही ना, हे आधी विचारावे.

दोन हजारांविषयी मी अधिक आग्रही राहीन. ती रक्कम किंमत होती, भाडे होते की परत मिळणारी अनामत, हे कंपनीकडून लेखी घ्यावे आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे, आणि त्यापुढे ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मधील ‘सेवा’ या शब्दाच्या व्याख्येत दूरसंचाराचा स्पष्ट उल्लेख आहे.

वाड्यावर दुसरी कंपनी नाही, याचा या बॉक्सशी संबंध नाही. विखुरलेल्या थोड्या घरांसाठी खांबाखांबावरून नवी वायर ओढायची आणि पावसाळ्यात माडाची झावळ पडली की ती पुन्हा जोडायची, हा खर्च दुसऱ्या कंपनीला परवडत नाही. आपल्या घरात मोबाइलचे 5जी सिग्नल चांगले मिळत असेल, तर वायरीशिवाय मिळणाऱ्या घरगुती 5जी जोडणीची चौकशी अवश्य करावी. मात्र कंपनी बदलताना जुना बॉक्स माळ्यावर टाकू नये. कंपनीने कुलूपबंद केलेले ते यंत्र दुसरीकडे सहसा चालत नाही. ते कंपनीच्या मालकीचे ठरले, तर क्रमांकानिशी परत केल्याची पावती घ्यावी.