पाळीची तारीख आणि साखरेचा आकडा

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रं साखर आणि हार्मोन्सबद्दलची होती, म्हणून सगळी जागा त्यांनाच दिली आहे. साखरेचे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत.

प्रश्न : मला टाइप १ मधुमेह आहे, वय २७. पाळीच्या चार-पाच दिवस आधी उपाशीपोटीची साखर ३०-४० ने चढते. खाणं तेच, व्यायाम तोच. म्हणून इन्सुलिन वाढवते, तर पाळी आल्यावर साखर धाडकन खाली येते. मागच्या महिन्यात रात्री ६५ झाली. माझं काय चुकतंय?

चढण्यात तुमचं काही चुकत नाही. स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढतं आणि पाळीपर्यंतच्या साधारण दोन आठवड्यांत अनेकींच्या शरीरावर इन्सुलिनचा असर कमी होतो. पाळीच्या तोंडावर प्रोजेस्टेरॉन कोसळतं आणि असर पूर्ववत होतो. वाढवलेला डोस मात्र तसाच चालू राहतो. रात्रीच्या ६५ चं मूळ बहुधा इथेच आहे.

हा फरक प्रत्येकीत दिसत नाही, म्हणून आधी सलग तीन पाळ्यांची नोंद करा : पाळीचा कितवा दिवस, उपाशीपोटीची साखर, झोपण्यापूर्वीची साखर, आणि दीर्घकाळ काम करणाऱ्या इन्सुलिनची युनिट्स. महिन्याची सरासरी काढू नका, सरासरीत नेमकी हीच गोष्ट पुसली जाते. तिन्ही वेळा तेच चित्र दिसलं, तर डॉक्टरांशी बोलून त्या दिवसांपुरता दीर्घकालीन इन्सुलिनचा डोस थोडा, सुरुवातीला १० टक्क्यांच्या आसपास, वाढवता येतो. वाढवायचा दिवस ठरवताना कमी करायचा दिवसही तेव्हाच ठरवून टाका : रक्तस्राव सुरू झाला की त्याच दिवशी जुना डोस. साखर ७० च्या खाली गेलीच, तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. स्निग्ध गोड पदार्थ त्या वेळी कामाचे नाहीत, कारण स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा उतरते.

प्रश्न : वय ३४, पीसीओएस (अंडाशयाशी निगडित हार्मोन्सचा बिघाड) आहे. उपाशीपोटीची साखर ९२, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्तचाचणी) ५.६. दोन्ही नॉर्मल असूनही मेटफॉर्मिन सुरू केलं आहे. साखरच नाही तर साखरेची गोळी कशाला? फास्टिंग इन्सुलिन (उपाशीपोटी रक्तातलं इन्सुलिन मोजणारी चाचणी) करून खात्री करून घेऊ का?

साखर नॉर्मल आहे, पण ती नॉर्मल ठेवायला स्वादुपिंडाला किती राबावं लागतंय, हे त्या दोन आकड्यांत दिसत नाही. पीसीओएसमध्ये स्नायू आणि यकृत इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाहीत, म्हणून शरीर जास्त इन्सुलिन सोडतं. गंमत अशी की, अंडाशय मात्र त्या जादा इन्सुलिनला व्यवस्थित दाद देतात आणि टेस्टोस्टेरॉनसारखी हार्मोन्स वाढवतात. त्यात भर म्हणजे यकृत एसएचबीजी हे प्रथिन कमी बनवतं. टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणं हे त्या प्रथिनाचं काम असतं. ते कमी झालं की मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं : हनुवटीवर केस, मुरुमं, लांबलेली पाळी. मेटफॉर्मिन या साखळीच्या सुरुवातीला हात घालतं.

फास्टिंग इन्सुलिनवर पैसे घालवू नका. इन्सुलिन लाटांसारखं सुटतं, प्रयोगशाळांच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत आणि सर्वमान्य सीमारेषा नाही. आकडा काहीही आला तरी उपचार सहसा बदलत नाहीत. करायची चाचणी वेगळी आहे : ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी घेतलेली साखर. पीसीओएसमध्ये उपाशीपोटीची साखर चांगली आणि दोन तासांची बिघडलेली, असं पुष्कळदा आढळतं. दोन तासांची साखर १४० च्या खाली असेल तर ठीक, १४० ते १९९ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, २०० आणि पुढे मधुमेहाच्या हद्दीत. लक्षणं नसतील तर दुसऱ्या चाचणीने खात्री केल्याशिवाय निदान पक्कं करत नाहीत.

ही चाचणी बिघडते ती बहुतेकदा तयारीत. वजनासाठी कर्बोदकं जवळजवळ बंद केली असतील, तर आधीचे तीन दिवस ती रोज किमान १५० ग्रॅम पोटात जायला हवीत. नाहीतर शरीराची सवय मोडलेली असते आणि आकडा खोटाच चढा येतो. रात्री किमान ८ तास उपास, पाणी चालेल. ग्लुकोजचं पाणी पाच मिनिटांत संपवायचं आणि वेळ पहिल्या घोटापासून मोजायची. मधल्या दोन तासांत बसून राहायचं, फेऱ्या मारायच्या नाहीत. उलटी झाली तर त्या दिवशीची चाचणी रद्द.

मेटफॉर्मिनची सुरुवात साधारणपणे जेवणासोबत दिवसाला ५०० मिलिग्रॅमने होते आणि एक-दोन आठवड्यांनी ५०० ची पायरी चढवतात. पहिल्याच दिवशी पूर्ण डोस घेतला की जुलाब-मळमळ होते आणि गोळी कायमची सुटते. सावकाश विरघळणारी गोळी मोडू किंवा चावू नका. दीर्घकाळ घेणाऱ्यांनी बी१२ तपासत राहावं. आणखी एक गोष्ट सांगायची बरेचदा राहून जाते : या गोळीने स्त्रीबीज पुन्हा सुटू लागू शकतं, तेव्हा 'मला दिवस राहत नाहीत' या भरवशावर राहू नका. पाळी ९० दिवसांहून जास्त लांबत असेल, तर गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं. त्यासाठी डॉक्टरांना वेगळं भेटा, तो प्रश्न साखर सुधारेपर्यंत ताटकळत ठेवायचा नसतो.

प्रश्न : गर्भारपणात साखर वाढली होती. बाळंतपणानंतर आठवड्याभरात नॉर्मल आली. आता पाच महिने झाले, काही तपासलेलं नाही. संपलं ना प्रकरण?

गर्भारपण संपलं. वारेतून येणारी हार्मोन्स आईच्या शरीरात इन्सुलिनचा असर दाबतात, म्हणून वार पडली की साखर झरझर उतरते. पण त्या ताणाला ज्या स्वादुपिंडाला पुरं पडता आलं नाही, ते तेच आहे. अशा स्त्रियांना पुढे टाइप २ मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या कित्येक पट असतो.

बाळंतपणानंतर ४ ते १२ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी करायची असते. तुमची राहिली आहे, ती आता करा. नुसत्या एचबीए१सीवर भागवू नका. बाळंतपणातला रक्तस्राव आणि बदललेल्या तांबड्या पेशी यांमुळे तो पुढचे काही महिने फसवू शकतो. चाचणी नॉर्मल आली तरी दर एक ते तीन वर्षांनी तपासणी, आणि पुढचं गर्भारपण ठरवण्याआधी एकदा. अंगावर पाजत असाल तर तेही साखरेच्या बाजूने चांगलंच.

प्रश्न : वय ४१. पाळीला रक्तस्राव फार, हिमोग्लोबिन ८.५. एचबीए१सी ६.३ आला, पण उपाशीपोटी ९४. कोणाचं खरं मानू?

तूर्त ९४ चं. लोह कमी असलं की एचबीए१सी खोटा वाढू शकतो. उलट, नुकतंच खूप रक्त गेलं असेल किंवा रक्त चढवलं असेल, तर तो खोटा कमीही दिसू शकतो. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि हा आकडा तिच्यावर चिकटलेल्या साखरेचा आहे, त्यामुळे पेशींचं वय बदललं की आकडा बदलतो. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी चाचणी) तपासा, लोह भरून काढा, रक्तस्रावाचं कारण शोधून घ्या आणि हिमोग्लोबिन सावरल्यावर तीनेक महिन्यांनी एचबीए१सी पुन्हा करा. मधल्या काळात ग्लुकोजची चाचणी आहेच.

प्रश्न : वय ४९, मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड ही गोळी घेते. रात्री घाम फुटतो, छाती धडधडते. पाळी जातेय की साखर पडतेय?

लक्षणांवरून खात्रीने सांगता येत नाही, बोट टोचूनच कळेल. पाळी जातानाची गरमी छाती-मानेतून चेहऱ्याकडे चढते, काही मिनिटांत ओसरते आणि मागे थंडी ठेवून जाते. साखर पडते तेव्हा थरथर, भूक, गोंधळल्यासारखं होणं जास्त असतं. पण झोपेतून दचकून उठलेल्या माणसाने एवढं तपासायचं कधी? ग्लुकोमीटर उशाशी ठेवा. तुमच्या गोळीने साखर खरोखरच पडू शकते (नुसत्या मेटफॉर्मिनने ती क्वचितच पडते). म्हणून गरमी समजून दुर्लक्ष नको, आणि दर वेळी न तपासता गोडही खायला नको, त्याने सकाळची साखर चढते. आकडे चांगले असतानाही त्रास होत असेल तर टीएसएच ही थायरॉइडची चाचणी करा. थायरॉइडचं हार्मोन वाढलं तरी असंच होतं.

पाळी जाताना इस्ट्रोजेन हे हार्मोन घटलं की चरबी पोटाकडे सरकते आणि स्नायू कमी होतात. स्नायू आकुंचन पावताना इन्सुलिनशिवायही साखर ओढून घेतात. म्हणून जेवणानंतर १०-१५ मिनिटं चाला आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस वजनं उचलण्याचे व्यायाम करा. हार्मोनचे उपचार गरमीसाठी घेता येतात, साखर उतरवण्यासाठी म्हणून ते देत नाहीत.

प्रश्न : 'हार्मोन पॅकेज' कुठल्याही दिवशी केलं तर चालतं का?

थायरॉइडला चालतं, बाकीच्या बहुतेकांना वेळ पाळावी लागते. एफएसएच आणि एलएच (अंडाशयाला चालना देणारी हार्मोन्स) पाळीच्या २ ते ५ व्या दिवशी. प्रोजेस्टेरॉन अपेक्षित पाळीच्या ७ दिवस आधी. २१ वा दिवस फक्त २८ दिवसांचं चक्र असणारीसाठी, ३५ दिवसांचं असेल तर २८ वा. प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं हार्मोन) झोपेतून उठल्यानंतर दोन-तीन तासांनी, शांत बसून. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना टेस्टोस्टेरॉन मोजण्यात अर्थ नाही. आणि केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल, तर दोन-तीन दिवस आधी बंद करून प्रयोगशाळेला तसं सांगा. त्याने थायरॉइडसकट अनेक हार्मोन्सचे आकडे चुकीचे येऊ शकतात.