जर्मन फुटबॉलची सेकंड डिव्हिजन बघायला घेतोयस? मग हे आधी वाच

अरे भावा, झ्वायटे बुंडेसलिगा (म्हणजे हीच सेकंड डिव्हिजन) बघायला सुरुवात केलीस हे भारीच, पण पॉइंट्स टेबल नुसतं वरून बघू नकोस, खरी गंमत तिसऱ्या आणि सोळाव्या नंबरला असते. 18 टीम, प्रत्येकाशी घरी एक नि बाहेर एक, म्हणजे 34 मॅचेस. पहिल्या दोन थेट वरच्या लीगमध्ये, म्हणजे बुंडेसलिगात, शेवटच्या दोन थेट खाली थर्ड लीगमध्ये. तिसऱ्या नंबरवाल्याला मात्र वरच्या लीगच्या सोळाव्याशी दोन मॅचेस (प्लेऑफ) खेळाव्या लागतात, आणि त्यात बहुतेक वेळा वरचाच वाचतो, त्यामुळे तिसरा नंबर आला म्हणून लगेच पेढे वाटू नकोस. खालीही तसंच, आपला सोळावा थर्ड लीगच्या तिसऱ्याशी भिडतो.

2023 ला संपलेल्या सीझनचा शेवटचा दिवस यूट्यूबवर शोधच. हाम्बुर्गने सांडहाउसेनमध्ये 1-0 ने मॅच मारली, पब्लिक मैदानात घुसून नाचायला लागलं, प्रमोशन झालं म्हणून. तिकडे रेगेन्सबुर्गला हायडेनहाइम 2-0 ने मागे होतं, त्यांनी 93व्या मिनिटाला बरोबरी केली आणि 99व्याला तिसरा गोल ठोकला! हाम्बुर्ग धाडकन तिसरं, मग प्लेऑफमध्ये श्टुटगार्टकडून दोन्ही मॅचेस हरलं. बिचारे शेवटी 2025 ला वर गेले.

आणि हो, पॉइंट्स सारखे झाले तर आधी गोल डिफरन्स (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) बघतात, आपसातली मॅच नंतर. यावरून मी सुरुवातीला फुकट भांडलोय लोकांशी.